पाण्याचा जमाखर्च मीटरमध्ये: पाइप आणि पाटातल्या प्रवाहाचं गणित, पायरीपायरीने

पाइपलाइन टाकताना किंवा पाट काढताना बरेचसे निर्णय सवयीने घेतले जातात. अमक्याने दोन इंची टाकली म्हणून आपणही दोन इंची, पंप मात्र ‘असू दे जरा मोठा’. मग पंप दिवसभर चालतो, वीज जळते आणि शेवटच्या तोंडाशी धार काही येत नाही. हे टाळता येतं, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. गुणाकार, भागाकार, वर्गमूळ काढून देणारं कॅल्क्युलेटर आणि थोडा संयम पुरतो.

पाणी ऊर्जेवर वाहतं आणि ती ऊर्जा मीटरमध्ये मोजता येते, हे एकदा पक्कं झालं की बाकीचं सगळं जमाखर्चाचं काम आहे. किती मीटर हातात आहेत, वाटेत किती खर्च होतात, शेवटी किती उरतात, एवढंच पाहायचं.

पायरी १: ‘हेड’ समजून घ्या

पाण्यातली ऊर्जा मीटरमध्ये, म्हणजे पाण्याच्या उंचीच्या मापात सांगितली की तिला ‘हेड’ म्हणतात. स्थिर पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाखाली दाब सुमारे ९८ किलोपास्कल, म्हणजे ढोबळमानाने प्रति चौरस सेंटिमीटर १ किलो. टाकी हजार लिटरची असो की लाख लिटरची, पाण्याची पातळी सारखी असेल तर तळाचा दाबही सारखाच. ‘मोठी टाकी बसवली की दाब वाढेल’ हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो. दाब हवा असेल तर टाकी उंच करा. मोठी टाकी फक्त साठा वाढवते.

वाहत्या पाण्यात ऊर्जा तीन रूपांत असते: जागेची उंची, दाब आणि वेग. डॅनिएल बर्नुलीने १७३८ साली या विचाराचा पाया घातला. घर्षण नसेल तर या तिन्हींची बेरीज वाटेत कायम राहते. एक वाढलं की दुसरं घटतं. वेगाचा वाटा असा काढतात:

वेगाचं हेड = वेग × वेग ÷ १९.६२

(वेग मीटर प्रति सेकंदात घ्या; १९.६२ म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाची, ९.८१ची, दुप्पट.) सेकंदाला १ मीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याचं वेगाचं हेड जेमतेम ५ सेंटिमीटर भरतं. म्हणजे नेहमीच्या पाइपलाइनमध्ये वेगाकडे जाणारी ऊर्जा क्षुल्लक असते. खरा खर्च उंचीचा आणि घर्षणाचा.

नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, त्यावरून ‘पाइप बारीक केला की दाब वाढतो’ असा निष्कर्ष काढला जातो. घडतं ते वेगळंच. अंगठ्याने तोंड लहान केलं की नळीतून जाणारं एकूण पाणी घटतं, नळीतला वेग घटतो, त्यामुळे नळीच्या लांबीभर होणारं घर्षण घटतं. जे मीटर आधी वाटेत खर्च होत होते ते आता तोंडापर्यंत पोचतात आणि तिथे वेगात बदलतात. संपूर्ण नळीच बारीक घेतली असती तर नेमकं उलट झालं असतं.

पायरी २: आधी मोजा

विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती लिटर पाणी हवं, हे आधी ठरवा. दिवसाला लागणारं पाणी भागिले पंप चालवायचे सेकंद, इतकं ते सोपं आहे. चालू लाइनचा विसर्ग मोजायचा असेल तर माप माहीत असलेलं भांडं भरायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. भांडं निदान वीस-तीस सेकंदांत भरेल एवढं मोठं घ्या आणि तीनदा मोजून सरासरी काढा.

उंचीसाठी पारदर्शक लेव्हल पाइप उत्तम. नळीत पाणी भरा आणि हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. दोन्ही टोकांची पाण्याची पातळी समान असते एवढ्याच तत्त्वावर टप्प्याटप्प्याने उंची पुढे नेत जा. मोबाइलवर दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची या कामाला वापरू नका. तिच्यात काही मीटरांची चूक सहज असते आणि आपला सगळा हिशेबच मीटरांचा आहे. मार्गावरचा प्रत्येक चढ-उतार वहीत टिपा. फक्त सुरुवात आणि शेवट मोजून भागत नाही. याचं कारण पायरी ५ मध्ये येईल.

पायरी ३: व्यासाचा पहिला अंदाज

पाइप पूर्ण भरून वाहत असेल तर जेवढं पाणी एका टोकाने आत शिरतं तेवढंच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं:

विसर्ग = क्षेत्रफळ × वेग, आणि क्षेत्रफळ = ०.७८५ × व्यास × व्यास

पाइपमधला वेग सेकंदाला साधारण ०.७ ते १.५ मीटर ठेवावा. त्याहून कमी ठेवला तर पाइपावर विनाकारण पैसा जातो आणि गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसतो. जास्त ठेवला तर घर्षण आणि दाबाचे धक्के दोन्ही वाढतात.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. सेकंदाला २ लिटर पाणी, ३०० मीटर लांबी, १८ मीटर चढ. आतला व्यास ५० मिमी धरला तर क्षेत्रफळ ०.००१९६ चौ. मीटर आणि वेग सेकंदाला १.०२ मीटर (२ लिटर म्हणजे ०.००२ घनमीटर, त्याला क्षेत्रफळाने भागायचं). पहिला अंदाज म्हणून ठीक.

‘आतला’ हा शब्द महत्त्वाचा. मिमीमध्ये विकले जाणारे प्लास्टिकचे पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात. दाबाचा दर्जा वाढला की भिंत जाड होते आणि आतली जागा कमी होते. गणितात नेहमी आतला व्यासच घाला.

पायरी ४: घर्षणाचा खर्च

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

१८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की प्रवाह दोन प्रकारचा असतो. हळू वाहताना रंगाची रेघ अखंड राहते, वेग वाढला की ती फाटून सगळीकडे मिसळते. कोणता प्रवाह आहे हे सांगणारा आकडा असा:

रेनॉल्ड्स अंक = वेग × व्यास ÷ ०.०००००१

(भागाकारातला आकडा २० अंश तापमानाच्या पाण्याचा आहे, वेग मीटर प्रति सेकंदात, व्यास मीटरमध्ये.) २००० च्या खाली प्रवाह संथ थरांचा, ४००० च्या वर खळबळता. आपल्या उदाहरणात हा अंक सुमारे ५१,००० येतो. पाणी वाहून नेणारे पाइप जवळजवळ नेहमीच खळबळत्या प्रवाहात असतात.

घर्षणाचं हेड डार्सी-वाइसबाख सूत्राने काढतात:

घर्षणात गेलेलं हेड = घर्षणांक × (लांबी ÷ व्यास) × वेगाचं हेड

गुळगुळीत प्लास्टिक पाइपासाठी, रेनॉल्ड्स अंक ४००० ते १ लाख असताना, घर्षणांक = ०.३१६ ÷ (रेनॉल्ड्स अंकाच्या वर्गमुळाचं वर्गमूळ). ५१,००० साठी तो ०.०२१ येतो. मग ०.०२१ × ६००० × ०.०५३, म्हणजे सुमारे ६.७ मीटर.

आता हेच गणित तीन व्यासांसाठी मांडून पाहा:

| आतला व्यास | वेग (मी./से.) | घर्षणातला खर्च |
|---|---|---|
| ४० मिमी | १.५९ | १९.३ मीटर |
| ५० मिमी | १.०२ | ६.७ मीटर |
| ६० मिमी | ०.७१ | २.८ मीटर |

व्यास ५० वरून ४० केला, म्हणजे फक्त एक सेंटिमीटर वाचवला, आणि घर्षण जवळजवळ तिप्पट झालं. ४० मिमीच्या पाइपात तर चढ चढण्यापेक्षा जास्त ऊर्जा निव्वळ पाइपाच्या भिंतीशी घासण्यात जाते. कारण घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतं. म्हणूनच एका १०० मिमी पाइपाइतकं पाणी त्याच उतारावर न्यायला ५० मिमीचे दोन किंवा चार पाइप पुरत नाहीत, सुमारे साडेसहा लागतात.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. उंचावरच्या टाकीतून आपोआप वाहणाऱ्या लाइनमध्ये उपलब्ध हेड निम्मं झालं तर विसर्ग निम्मा होत नाही, साधारण दोन तृतीयांश राहतो. टाकी थोडी उंच करून विसर्ग वाढवायचा विचार असेल तर हिशेब आधी करा. बरेचदा पाइप एक माप मोठा घेणं जास्त फळतं.

जुन्या, आतून गंजलेल्या लोखंडी पाइपाला वरचा घर्षणांक लागू करू नका. खडबडीमुळे तो दीडपट-दुप्पट सहज होतो आणि क्षारांच्या थराने आतला व्यासही घटतो. पाचव्या घाताचा नियम तिथे दुहेरी मार देतो.

वळणं, व्हॉल्व्ह आणि जोड यांचा खर्च वेगळा मोजावा लागतो. प्रत्येकाला एक गुणांक असतो आणि त्याला वेगाच्या हेडने गुणायचं. टाकीतून पाइपात शिरताना धारदार तोंड असेल तर ०.५, आटे असलेला ९० अंशांचा साधा एल्बो (वळणाचा जोड) सुमारे ०.९, पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्ह ०.२, शेवटी बाहेर पडताना १. ग्लोब व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा असूनही १० च्या आसपास घेतो, म्हणून मुख्य लाइनवर तो टाळा. उदाहरणात सहा एल्बो, दोन गेट व्हॉल्व्ह, एक प्रवेश, एक निकास धरले तर बेरीज ७.३, गुणिले ०.०५३, म्हणजे ०.४ मीटर. लांब लाइनमध्ये एवढ्याने काही बिघडत नाही. दहा-पंधरा मीटरच्या, वळणावळणाच्या घरातल्या लाइनमध्ये मात्र हाच खर्च पाइपाच्या घर्षणाइतका होऊ शकतो.

पायरी ५: कागदावर दाबरेषा काढा

माझ्या मते संपूर्ण कामातली सर्वांत मोलाची अर्धा तासाची मेहनत हीच, आणि नेमकी तीच टाळली जाते. आलेखाच्या कागदावर आडवी लांबी आणि उभी उंची घेऊन पाइपाचा मार्ग काढा. मग सुरुवातीच्या पाण्याच्या पातळीपासून (पंप असेल तर पंपाने दिलेली उंची मिळवून) घर्षणाच्या दराने खाली उतरणारी रेषा काढा. उदाहरणात दर १०० मीटरला २.२ मीटर उतार.

कोणत्याही ठिकाणी ही रेषा पाइपाच्या जितकी वर, तितके मीटर दाब तिथे पाइपात आहे. पाइपाचा दाबाचा दर्जा कुठे कोणता हवा हे त्यावरूनच कळतं. आणि जिथे पाइप रेषेच्या वर जातो तिथे आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी. तिथे पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडून साचते, सांध्यातून बाहेरची हवा आणि घाण ओढली जाते, प्रवाह मंदावतो आणि शेवटी तुटतो. असा भाग दिसला तर मार्ग बदला, नाहीतर त्या टेकाडापर्यंत मोठा व्यास वापरा म्हणजे रेषा वर राहील.

रेषेच्या खाली असलेल्या उंचवट्यांवरही हवा अडकते, म्हणून प्रत्येक ठळक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ काढायचं तोंड ठेवा. लाइन पहिल्यांदा भरताना पाणी अगदी हळू सोडा, हवा निघून जाऊ द्या.

पायरी ६: पंप

पंपाला द्यावं लागणारं एकूण हेड: चढ १८ + घर्षण ६.७ + जोड ०.४ = २५.१ मीटर.

शक्ती (वॉट) = ९.८१ × विसर्ग (लिटर प्रति सेकंद) × हेड (मीटर)

म्हणजे ४९२ वॉट पाण्यात जायला हवेत. छोट्या पंपाची कार्यक्षमता ४५ टक्के धरली तर त्याला जवळपास १,१०० वॉट, म्हणजे दीड हॉर्सपॉवर लागेल. ४० मिमीच्या पाइपात हेच हेड ३८ मीटरच्या वर जातं आणि शक्ती १,६६० वॉट. रोज चार तास पंप चालला तर वर्षाला ८०० हून अधिक युनिट विजेचा फरक. पाइप एकदाच विकत घ्यायचा असतो, घर्षणाचं बिल मात्र लाइन असेपर्यंत भरावं लागतं.

पंपाच्या पाटीवर जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त विसर्ग दोन्ही लिहिलेले असतात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत. सर्वाधिक हेडला विसर्ग शून्य असतो. पंपाचा आलेख मागा आणि २५ मीटरला तो सेकंदाला २ लिटर देतो का, तिथे कार्यक्षमता कशी आहे, ते पाहा. गरजेपेक्षा मोठा पंप व्हॉल्व्हने आवळून चालवणं म्हणजे घेतलेली ऊर्जा व्हॉल्व्हमध्ये जिरवणं.

खेचणीच्या बाजूला, म्हणजे पाणी पंपात येतं त्या बाजूला, जास्त जपा. पंप पाणी ओढत नाही. तो आत पोकळी निर्माण करतो आणि वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाण्याइतका, १००० मीटर उंचीवर साधारण ९.२. त्यातून पाइपाचं घर्षण, फूट व्हॉल्व्ह (खेचणीच्या पाइपाच्या तळाची झडप), पाण्याच्या वाफेचा दाब आणि पंपाची स्वतःची गरज वजा जाता व्यवहारात ६ ते ७ मीटरच उरतात. मर्यादा ओलांडली की पंपात वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचा, धातू खड्ड्याखड्ड्यांनी झिजतो. म्हणून पंप पाण्याच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, आणि खेचणीचा पाइप पुरवठ्याच्या पाइपापेक्षा एक माप मोठा घ्या.

पायरी ७: दाबाचा धक्का

वाहतं पाणी एकदम अडवलं तर दाबाची लाट उसळते. निकोलाय जुकोव्स्कीने १८९८ साली तिचा नियम मांडला. हेडमधली वाढ = लाटेचा वेग × पाण्याचा थांबलेला वेग ÷ ९.८१. लाटेचा वेग स्टीलच्या पाइपात सेकंदाला १,००० ते १,२०० मीटर, पीव्हीसीत भिंतीच्या जाडीनुसार ३०० ते ५०० च्या दरम्यान. पीव्हीसीसाठी ४०० धरले तर आपल्या लाइनमध्ये सुमारे ४२ मीटरची उसळी येते, स्टीलमध्ये १०० मीटरच्या पुढे. लाट टोकापर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा (३०० मीटर पीव्हीसीत दीड सेकंद) लवकर व्हॉल्व्ह बंद केला तर हा पूर्ण धक्का बसतो. व्हॉल्व्ह त्या वेळेच्या दहापट तरी सावकाश बंद करा. पटकन बंद होणारे बॉल व्हॉल्व्ह लांब लाइनच्या शेवटी लावू नका. वीज जाऊन पंप थांबला तरी असाच धक्का येतो, त्यासाठी पंपाजवळ चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारा) ठेवा आणि पाइपाचा दर्जा धक्का धरून निवडा.

पाट आणि उघडे प्रवाह

उघड्या पाटात पाण्याच्या पृष्ठभागावर वातावरणाचाच दाब असतो, त्यामुळे दाबाने ढकलण्याची सोय नाही. उताराची उंची हीच एकमेव जमा. खर्च तळ आणि बाजूंशी होणाऱ्या घर्षणाचा. आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही रोजच्या वापरात आहे:

वेग = (जलीय त्रिज्या)^(२/३) × उताराचं वर्गमूळ ÷ खडबडीचा आकडा

जलीय त्रिज्या म्हणजे पाण्याचं काटछेदी क्षेत्रफळ भागिले पाण्याने भिजलेली तळ-बाजूंची लांबी. खडबडीचा आकडा नितळ काँक्रीटला ०.०१३ ते ०.०१५, स्वच्छ मातीच्या पाटाला ०.०२५ च्या आसपास, गवत माजलेल्या पाटाला ०.०४ किंवा त्याहूनही जास्त.

तळ ०.५ मीटर, पाण्याची खोली ०.४ मीटर, बाजू दीडास एक (दीड मीटर आडवं, एक मीटर उभं), उतार हजारास एक. क्षेत्रफळ ०.४४ चौ. मीटर, भिजलेली लांबी १.९४ मीटर, जलीय त्रिज्या ०.२२७. स्वच्छ मातीच्या पाटात वेग ०.४७ आणि विसर्ग सेकंदाला २०७ लिटर. तोच पाट गवताने भरला (०.०४) की विसर्ग १२९ लिटरवर येतो. काँक्रीटचं अस्तर (०.०१४) केलं तर ३६९. खोदकाम तेच, उतार तोच. गवत काढलं नाही आणि वरून तेवढंच पाणी सोडलं तर पाणी वाट मिळेपर्यंत खोली वाढवत जातं आणि काठ फोडतं. म्हणून पाण्याच्या पातळीवर निदान १५ सेंटिमीटर काठ मोकळा ठेवा आणि हिशेब गवत वाढलेल्या स्थितीचाही करून पाहा.

उतार जास्त दिला की वेग वाढतो, पण मातीला ते झेपलं पाहिजे. बारीक वाळूची माती स्वच्छ पाण्यात सेकंदाला ०.४५ मीटरच्या पुढे खरवडायला लागते, घट्ट चिकणमाती १.१ पर्यंत टिकते. उतार फार असेल तर पाट सरळ उतरवू नका. मधे मधे पायऱ्या बांधा आणि दोन पायऱ्यांमध्ये सौम्य उतार ठेवा.

पायरीच्या किंवा घसरणीच्या पायथ्याशी काळजी घ्यावी लागते. वेगवान उथळ प्रवाह अचानक खोल आणि संथ होतो तेव्हा पाणी फेसाळत उसळी घेतं. हे कुठे घडेल ते फ्राउड अंक सांगतो: वेग भागिले ‘९.८१ × खोली’ या गुणाकाराचं वर्गमूळ. हा अंक १ पेक्षा जास्त असेल तर प्रवाह वेगवान, कमी असेल तर संथ. १० सेंटिमीटर खोल प्रवाह सेकंदाला ३ मीटरने येत असेल तर अंक ३ आणि उसळीनंतरची खोली सुमारे ३८ सेंटिमीटर. या गदारोळात आलेल्या ऊर्जेपैकी चौथा हिस्सा तिथेच जिरतो. ही उसळी आपल्या कामाचीच, फक्त ती दगडी किंवा काँक्रीटच्या पक्क्या तळावर घडली पाहिजे. मातीवर घडली तर तिथे खड्डा पडून वरची पायरीच कोसळते.

पाटातला विसर्ग मोजणं

झटपट अंदाजासाठी पाटाच्या सरळ भागात दहा-वीस मीटर मोजा, लाकडाचा तुकडा किंवा फळ सोडा आणि वेळ लावा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा आणि मग क्षेत्रफळाने. वारा असेल तर हा आकडा फारसा धरू नका.

नेमकं मोजायचं तर ९० अंशांची व्ही-नॉच पाटी लावा. पत्र्यात धारदार कडेची खाच, तिच्या टोकापासून पाण्याची पातळी किती वर आहे ते मीटरमध्ये मोजायचं, आणि:

विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) = १.३८ × (उंची)^२.५

१० सेंटिमीटरला सेकंदाला ४.४ लिटर, १५ ला १२, २० ला २४.७. उंची पाटीजवळ मोजू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. त्या उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजा. खाचेतून पडणाऱ्या धारेखाली हवा मोकळी राहिली पाहिजे. पुढचं पाणी खाचेच्या टोकापर्यंत चढलं तर आकडा चुकतो.

सेकंदाला २०० लिटरच्या मोठ्या पाटाला व्ही-नॉच अपुरी पडते. तिथे आयताकृती खाच लावा: विसर्ग = १.८४ × (खाचेची रुंदी − ०.२ × उंची) × (उंची)^१.५. पाटाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन पाट्या एकाच दिवशी लावल्या की त्यांच्यातला फरक म्हणजे वाटेत झिरपलेलं पाणी. प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबून दोन्हीकडचे आकडे घ्या, फरक पाटाच्या लांबीने भागा, आणि मधे आणखी एक पाटी हलवत नेऊन कोणत्या तुकड्यात झिरपणं जास्त आहे ते शोधा. अस्तराची सुरुवात त्याच तुकड्यापासून करा.